गृहपाठाचा सर्व्हर साच्यातून काढताना

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाच्या ७ तुकड्या आहेत, प्रत्येकीत ६० मुलं. म्हणजे एम-वनच्या (इंजिनिअरिंगच्या गणिताचा पहिला पेपर) ट्युटोरियलच्या ४२० वह्या. दर आठवड्याला एक शीट, शीटवर सहा गणितं. मी आणि माझे दोन सहकारी त्या वह्या तपासायचो. पण एवढ्या वह्या तपासून होत नाहीत, त्यांच्यावर फक्त सह्या होतात. एकाने सोडवलेली शीट हॉस्टेलमध्ये रात्रीतून फिरायची. त्याने एखाद्या ओळीत उणे चिन्ह खाल्लं असेल, तर ते सगळ्या तुकडीच्या वह्यांतून गेलेलं असायचं. ज्याने खरंच स्वतः सोडवलं आणि चुकला, त्याला आपण चुकलो हे वही परत मिळेपर्यंत कळत नसे, आणि वही परत मिळेपर्यंत वर्गात पुढचं युनिट सुरू झालेलं असे.

वर्षानुवर्षं हे बघवत नव्हतं. शोधता शोधता वेबवर्क सापडलं.

वेबवर्क हे ऑनलाइन गृहपाठाचं मुक्त सॉफ्टवेअर. अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठात मायकेल गेज आणि आर्नल्ड पायझर या गणिताच्याच दोन प्राध्यापकांनी ते १९९० च्या दशकाच्या मध्यात सुरू केलं. गेज म्हणजे तेच, ज्यांनी रिचर्ड हॅमिल्टन यांच्यासोबत १९८६ मध्ये सिद्ध केलं की बहिर्वक्र बंद वक्र स्वतःच्या वक्रतेच्या वेगाने आत आकसत गेला, तर तो अधिकाधिक वर्तुळासारखा होत शेवटी एका बिंदूत विरतो. इतकं सुंदर गणित करणाऱ्या माणसाला पहिल्या वर्षाच्या मुलांच्या गृहपाठाची काळजी वाटली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

वेबवर्कमधलं प्रत्येक गणित हा एक छोटा प्रोग्राम असतो. प्रत्येक विद्यार्थ्याला सीड नावाचा एक आकडा मिळतो आणि त्यावरून त्याच्या गणितातल्या संख्या ठरतात. त्यामुळे शेजाऱ्याचं मॅट्रिक्स वेगळं, आपलं वेगळं. रीत एकमेकांना विचारता येते, उत्तर उतरवून घेता येत नाही. उत्तर टाकलं की तिथल्या तिथे बरोबर की चूक ते कळतं आणि पुन्हा प्रयत्न करता येतो. शिवाय ओपन प्रॉब्लेम लायब्ररी नावाचा ३० हजारांहून जास्त गणितांचा साठा हाताशी असतो. तो जगभरच्या शिक्षकांनी लिहिलेला आहे.

स्वतःचं गणित लिहिणं हा मात्र वेगळाच अभ्यास आहे. आयगेन व्हॅल्यूचं (मॅट्रिक्स काही दिशांना न वळवता फक्त ताणतं, ते ताणण्याचं प्रमाण) पहिलं गणित लिहिताना मी मॅट्रिक्सच्या नऊ जागी नऊ रँडम आकडे टाकले. कुणाची आयगेन व्हॅल्यू वर्गमुळात अडकली, कुणाची संमिश्र (कॉम्प्लेक्स) निघाली. मग उलट्या बाजूने जावं लागलं. आधी १, २, ५ अशा आयगेन व्हॅल्यू निवडायच्या, डिटरमिनंट १ असलेलं पूर्णांकांचं मॅट्रिक्स घ्यायचं आणि त्यातून मूळ मॅट्रिक्स बांधायचं. असं केलं की इनव्हर्सही पूर्णांकांचंच राहतं आणि मुलांना सरळ आकडे मिळतात. आयगेन व्हेक्टरची, म्हणजे त्या दिशेची, तपासणी त्याहून नाजूक, कारण (१, २, १) बरोबर असेल तर (−२, −४, −२) सुद्धा बरोबरच द्यायला हवं.

हे सगळं कशासाठी, ते मला पहिल्याच आठवड्यात एका रात्री दिसलं. साडेअकरा वाजले होते. एका मुलीने टाकलेली आधीची उत्तरं मी उघडून बघत होते. होमोजीनियस फंक्शनची डिग्री काढायची होती. अंशात क्ष घन अधिक य घन, छेदात क्ष अधिक य याचं वर्गमूळ. तिचं पहिलं उत्तर ३. चार मिनिटांनी २. अकरा मिनिटांनी २.५. आधी तिने छेदाकडे बघितलंच नव्हतं. मग छेदाची डिग्री पूर्ण १ धरली. मग वर्गमूळ लक्षात आलं. मधल्या अकरा मिनिटांत ती मुलगी एकटी बसून शिकली होती. वहीत मला फक्त २.५ दिसलं असतं, आणि तेही तिचं की मैत्रिणीचं, हे कळलं नसतं.

आता सर्व्हरकडे येते.

कॉलेजातल्या मशीनवर आम्ही आधी प्रयत्न केला होता. वीज जायची, युपीएस थकायचा आणि मुलांना घरून पोहोचता यायचं नाही. म्हणून क्लाउड, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेलं मशीन. अमेझॉनचा मुंबई रीजन २०१६ मध्ये सुरू झाला, तेव्हापासून सर्व्हर आपल्याच राज्यात ठेवता येतो. खरेदी समितीला तीन कोटेशन हवी होती आणि तासाच्या भाड्याने मिळणाऱ्या मशीनचं कोटेशन कुठल्या नमुन्यात बसवायचं यावर दोन महिने गेले. पहिलं सत्र मी स्वतःच्या कार्डावर चालवलं. उबुंटू २२.०४, दोन व्हर्च्युअल सीपीयू, ४ जीबी मेमरी.

पहिलं इन्स्टॉलेशन हाताने केलं. त्याला चार संध्याकाळी लागल्या. वेबवर्क पर्ल भाषेत लिहिलेलं आहे. त्याला पर्लची मॉड्यूल्स लागतात, विद्यार्थी आणि गुणांसाठी मारियाडीबी हा डेटाबेस लागतो, छापील प्रतीसाठी लाटेक लागतं. सोबत एक तपासणीची स्क्रिप्ट येते. ती चालवली की कुठलं मॉड्यूल कमी आहे ते ओळीने सांगते. एक घाला, पुन्हा चालवा, दुसरं घाला, पुन्हा चालवा. मग लायब्ररीतल्या गणितांची सूची डेटाबेसमध्ये भरायची, म्हणजे विषय आणि प्रकरण निवडून गणित शोधता येतं. हे काम एवढं लांबतं की मी मध्ये जेवून आले, भांडी आवरली, तरी ते चालूच होतं.

पहिल्या शीटची मुदत मी रविवारी रात्री ११:५९ ठेवली. ऑगस्ट महिना होता. सोमवारी सकाळी नऊला वर्गात शिरले तर मागच्या बाकांवर मुलं मोबाइलवर गणितं सोडवत होती आणि त्यांचं उत्तर घेतलं जात होतं! शीट बंद झाली सकाळी ९:२९ ला. कॉन्फिगरेशनच्या फाइलमध्ये टाइमझोन न्यूयॉर्कचा होता आणि मी तो बदलायला विसरले होते. तिकडे उन्हाळी वेळ चालू असते तेव्हा आपण त्यांच्या साडेनऊ तास पुढे असतो. मुलांना वाटलं, मॅडमनी जास्तीचा वेळ दिला. ज्यांनी रात्री जागून संपवलं होतं त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. त्या दिवशी मी एक वही घातली आणि पहिल्या पानावर लिहिलं: ‘बदलायच्या गोष्टी’. पुढे इमेजचा सगळा प्रपंच उभा राहिला तो याच वहीवर.

दुसऱ्या सत्रात आमच्या लॅबचे असिस्टंट म्हणाले, “मॅडम, हे सगळं तुमच्या डोक्यात आहे. तुम्ही रजेवर गेलात आणि सर्व्हर बसला तर आम्ही काय करायचं?” त्याच सुमारास एम.एस्सी.पासूनच्या माझ्या मैत्रिणीचा फोन आला. ती दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका छोट्या कॉलेजात शिकवते. “अगं, मला पण हवंय ते. पण माझ्याकडे कुणी संगणकवाला नाही. तू येऊन करून देशील?”

जायला माझी ना नव्हती. पण आज ती विचारतेय, उद्या तिच्या शेजारचं पॉलिटेक्निक विचारेल. प्रत्येक ठिकाणी चार संध्याकाळी घालवून हाताने सगळं उभं करायचं म्हटलं, तर दर ठिकाणी वेगळी चूक होणार. क्लाउडमध्ये यावर सोय आहे. चालत्या सर्व्हरची इमेज घेता येते, म्हणजे त्याच्या डिस्कचा त्या क्षणीचा ठसा. त्यावरून पाहिजे तितके नवे सर्व्हर काही मिनिटांत उभे राहतात. ती इमेज दुसऱ्याच्या खात्याला देता येते, त्याचा १२ अंकी खाते क्रमांक घातला की झालं. सर्व्हर बंद ठेवला तर पैसे मुख्यतः डिस्कच्या जागेचेच लागतात, त्यामुळे सुट्ट्यांत खर्च जवळजवळ नाही.

मी तेच केलं. माझ्या चालत्या सर्व्हरवरून एक तात्पुरती प्रत काढली, त्यातला आमचा एम-वनचा कोर्स डिलीट केला, आणि मशीन थांबवून इमेज घेतली. आधी थांबवणं महत्त्वाचं, नाहीतर डेटाबेस अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत ठशात सापडू शकतो. इमेज मैत्रिणीच्या खात्याला दिली. अर्ध्या तासात तिचा सर्व्हर चालू. फोनवर दोघींनी आनंद साजरा केला.

रात्री दहाला तिचा पुन्हा फोन. आवाज बदललेला होता.

“अगं, अर्काइव्हमध्ये एक कोर्स दिसला. मला वाटलं तू नमुना म्हणून ठेवलायस, म्हणून मी तो उघडला. यात तुझ्या सगळ्या मुलांची नावं आहेत. रोल नंबर, ईमेल, मार्क, सगळं.”

कोर्स डिलीट करण्याआधी काळजी म्हणून मी त्याचं अर्काइव्ह करून ठेवलं होतं. डिलीट झाला तो कोर्स. अर्काइव्हची फाइल जागच्या जागी होती. ४२० मुलांची कुंडली मी दुसऱ्या गावाला पाठवली होती.

तिला सर्व्हर ताबडतोब काढून टाकायला सांगितलं, आणि तिने तो काढण्याआधी मी एक गोष्ट करून पाहिली. माझ्या घरच्या लॅपटॉपवरून, माझ्या किल्लीने (सर्व्हरमध्ये शिरायला पासवर्डऐवजी वापरायची फाइल), तिच्या सर्व्हरचा पत्ता टाकला. आत गेले. कुणी अडवलं नाही. नवा सर्व्हर उभा राहताना त्यात मालकाची किल्ली घातली जाते, पण आधीची किल्ली काढली जात नाही. माझी किल्ली इमेजमधून तिच्या घरात गेली होती. मग मी एकेक कपाट उघडत गेले. टर्मिनलवर दिलेल्या आज्ञांचा इतिहास तसाच होता, आणि त्यात एका ओळीत डेटाबेसचा पासवर्ड होता. लॉगिन केलेल्या मुलांच्या कुकीवर (ब्राउझरमध्ये राहणारी ओळखचिठ्ठी) सही करण्यासाठी सर्व्हर जो गुप्त मजकूर वापरतो, तो माझ्या आणि तिच्या सर्व्हरवर अक्षरशः एकच होता.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. मुलांनाही वर्गात सांगितलं. त्यांची माहिती होती, त्यांना कळायलाच हवं होतं. एका मुलाने विचारलं, “मॅडम, डिलीट केल्यावर तरी जातं का ते?” प्रश्न मला वाटला त्याहून खोल होता. डिस्कवरून फाइल पुसली तरी तिच्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत मजकूर तिथेच असू शकतो, आणि इमेज म्हणजे त्या डिस्कचाच ठसा. म्हणजे वापरलेला सर्व्हर कितीही झाडूनपुसून घेतला, तरी त्याची इमेज दुसऱ्याला देण्याजोगी होतेच असं नाही. इमेज अशा मशीनची हवी ज्यावर एकही विद्यार्थी कधी आलेलाच नाही.

इथून माझ्या कामाची दिशा बदलली.

माझं माहेर पेणच्या बाजूला आहे. लहानपणी गणपतीच्या कारखान्यांत तासन् तास बसायचे. साच्यातून मूर्ती निघते, ती सगळ्यांची सारखी. पण डोळ्यांची आखणी साच्यात नसते. ती प्रत्येक मूर्तीला वेगळी, शेवटी, हाताने करतात. सर्व्हरचंही असंच करायचं ठरवलं. वहीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं ‘साचा’, उजवीकडे ‘आखणी’.

साच्याची बाजू लवकर भरली. उबुंटू, पर्लची मॉड्यूल्स, मारियाडीबी, वेबवर्क, लाटेक, लायब्ररी आणि तिची भरलेली सूची. सूची साच्यातच घेतल्याने तो जेवणाएवढा वेळ प्रत्येक कॉलेजचा वाचतो. लाटेकचा पूर्ण संच काही जीबींचा होतो, म्हणून लागतील तेवढीच पॅकेजेस निवडली.

आखणीच्या बाजूला एकेक गोष्ट लिहिताना विचार करावा लागला. कॉलेजचं नाव आणि सर्व्हरचा पत्ता. टाइमझोन. डेटाबेसचा पासवर्ड. कुकीचा गुप्त मजकूर. ॲडमिनचा पासवर्ड, कारण वेबवर्क नव्याने बसवताना ॲडमिनचा पासवर्डही ‘ॲडमिन’च असतो आणि तो तसाच राहिला तर इंटरनेटवरचा कुणीही दार उघडू शकतो. सर्व्हरच्या ओळखीच्या किल्ल्या. एचटीटीपीएसचं सर्टिफिकेट, कारण ते ज्याच्या त्याच्या पत्त्यालाच मिळतं. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून ते फुकट मिळतं, ९० दिवसांचं असतं आणि त्याचं नूतनीकरण आपोआप होतं. ईमेलचा मार्ग, कारण या क्लाउडवर बाहेर जाणारा २५ नंबरचा पोर्ट, म्हणजे ईमेलचं नेहमीचं दार, सुरुवातीला बंदच असतो. मुलाने ‘शिक्षकांना ईमेल’ हे बटण दाबलं आणि पत्र कुठेच गेलं नाही, हा प्रकार आमच्याकडे तीन आठवडे चालला होता. ५८७ नंबरने कॉलेजच्या मेल सर्व्हरकडे पाठवायला लागल्यावर तो सुटला.

एक गोष्ट आधी साच्यात टाकली होती, ती नंतर पलीकडे नेली. एका वेळी किती वर्कर (मुलांच्या विनंत्या हाताळणारे प्रोग्राम) चालवायचे, ती संख्या. प्रत्येक वर्कर आपली मेमरी घेऊन बसतो. मुदतीच्या रात्री अकरा ते बारा सगळी मुलं एकदम येतात, आणि वर्कर जास्त ठेवले तर ४ जीबी भरून सर्व्हर मान टाकतो. माझ्या मशीनला जमलेली संख्या मैत्रिणीच्या २ जीबीच्या मशीनला जमणार नाही. म्हणून आता आखणी आधी मेमरी मोजते आणि मग संख्या ठरवते.

साचा तयार करायचं काम पॅकर या साधनाकडे दिलं. पायऱ्या त्याच्या फाइलमध्ये लिहून ठेवायच्या. ते कोऱ्या उबुंटूचं तात्पुरतं मशीन उभं करतं, आपल्या स्क्रिप्ट चालवतं, मशीन थांबवून इमेज घेतं आणि मशीन मोडून टाकतं. माणसाचा हात मध्ये कुठेच लागत नाही, म्हणून माणसाच्या हाताचा डागही पडत नाही. अर्थात पहिल्या अकरा फेऱ्या पडल्या. एकदा इन्स्टॉलर मध्येच ‘हो की नाही’ विचारून थांबला आणि उत्तर द्यायला कुणी नव्हतं. एकदा मशीन जागं होताना स्वतःच पॅकेजेस अद्ययावत करत होतं, त्यासाठी त्याने पॅकेजेसना कुलूप घातलं होतं आणि माझी स्क्रिप्ट त्या कुलपाशी अडून पडली. हे काम पूर्ण होईपर्यंत थांबायची एक ओळ घातल्यावर बारावी फेरी शेवटपर्यंत गेली.

स्क्रिप्टच्या शेवटच्या ओळी झाडलोटीच्या. किल्ल्यांची फाइल काढा, आज्ञांचा इतिहास काढा, मशीनचा ओळख क्रमांक रिकामा करा, लॉग काढा, क्लाउड-इनिटला (नवा सर्व्हर पहिल्यांदा जागा होताना त्याची मांडणी करणारा प्रोग्राम) आधीचं सगळं विसरायला सांगा. कोऱ्या मशीनवर हे कशाला, असं वाटेल. पण पॅकरसुद्धा आत शिरताना स्वतःची तात्पुरती किल्ली वापरतं.

आणि मग आखणीची स्क्रिप्ट. तिचं नावही मी ‘आखणी’च ठेवलं. सर्व्हर पहिल्यांदा जागा झाला की ती एकदाच चालते. डेटाबेसचा पासवर्ड तिथेच तयार करते आणि त्याच सर्व्हरच्या कॉन्फिगरेशनमध्ये लिहिते. कुकीचा मजकूर तयार करते. ॲडमिनला लांबलचक पासवर्ड देते आणि मालकाने पहिल्यांदा लॉगिन केल्यावर एकदाच दाखवते. मग चार प्रश्न विचारते: कॉलेजचं नाव, पत्ता, ईमेलचा मार्ग, टाइमझोन. टाइमझोनला मी मुद्दाम आयतं उत्तर दिलेलं नाही. मैत्रीण म्हणाली, “सगळे इथलेच आहेत, भारतीय वेळ घालून टाक ना.” पण त्या सोमवारच्या वर्गानंतर मला वाटतं की हे उत्तर प्रत्येकाने एकदा स्वतः टाइप करावं.

मराठीसाठी वेगळं झगडावं लागलं, पण त्यात मन रमलं. आमच्याकडे पहिल्या वर्षाला बारावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली बरीच मुलं येतात. शाब्दिक गणिताखाली एक मराठी वाक्य दिलं तर त्यांची भीती निम्म्याने जाते. पडद्यावर मराठी नीट दिसायचं. छापील प्रत काढली की मराठीच्या जागी कोरं. लाटेक त्याच्या ठरलेल्या फॉन्टमध्ये देवनागरी शोधत होतं आणि ती त्यात नव्हती. झिलाटेक हा लाटेकचाच प्रकार वापरून देवनागरी फॉन्ट बसवला तेव्हा अक्षरं उमटली, पण विचित्र. ‘स्थिती’ मधली पहिली वेलांटी अक्षराच्या मागे पडली आणि स आणि थ मध्ये पाय मोडलेला. ‘क्षेत्रफळ’ वाचताच येईना. फॉन्ट निवडताना लिपी देवनागरी आहे हे वेगळं सांगावं लागतं, तरच जोडाक्षरं जुळतात आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी जाते. तो एक शब्द घातला आणि पुन्हा छापलं. ‘दिलेल्या वक्राखालचं क्षेत्रफळ काढा.’ कागदावर, आमच्या लॅबच्या प्रिंटरवर, नीट. असिस्टंटनी तो कागद फळ्याशेजारी चिकटवला. फॉन्ट आणि ती ओळ आता साच्यात आहे.

इमेज तयार झाल्यावर ती देताना आणखी एक अडथळा आला. माझ्या खात्यात नव्या डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होण्याचं सेटिंग चालू होतं, आणि खात्याच्या ठरलेल्या किल्लीने एन्क्रिप्ट झालेली इमेज दुसऱ्या खात्याला देताच येत नाही. स्वतःची वेगळी किल्ली तयार करून ती वाटण्याची सोय आहे. पण मी विचार केला, ज्या इमेजमध्ये काहीच गुपित नाही तिला कुलूप कशाला? बांधण्यापुरतं ते सेटिंग बंद केलं, इमेज उघडी ठेवली, आणि घेणाऱ्याने आपल्या बाजूला एन्क्रिप्ट करावी अशी सूचना लिहिली. इमेजमध्ये काही गुपित आहे की नाही, याची ही आपसूक परीक्षाही झाली. उघडी द्यायला मन कचरलं असतं तर समजायचं, अजून काहीतरी आत राहिलंय.

तरी डोळे मिटून द्यायला आता मन तयार नव्हतं. एकाच इमेजवरून दोन सर्व्हर उभे केले आणि असिस्टंटना शेजारी बसवलं. त्यांच्या पडद्यावर पहिला, माझ्या पडद्यावर दुसरा. एकेक गोष्ट वाचत गेलो. ओळखीच्या किल्लीचा ठसा: वेगळा. मशीन क्रमांक: वेगळा. कुकीचा मजकूर: वेगळा. डेटाबेसचा पासवर्ड: वेगळा. लायब्ररीतल्या गणितांची संख्या: तीच. आयगेन व्हॅल्यूचं माझं गणित दोन्हीकडे उघडलं, एकच सीड दिला: दोन्हीकडे तेच मॅट्रिक्स. मग संपूर्ण डिस्कवर माझं नाव शोधलं, कॉलेजचं नाव शोधलं, आमच्या रोल नंबरची सुरुवातीची अक्षरं शोधली. माझं नाव एका ठिकाणी सापडलं, मी लिहिलेल्या गणितांच्या वरच्या टिपेत, लेखक म्हणून. ते राहू दिलं.

जुनी इमेज रद्द केली. तिच्यामागचा स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कची साठवलेली प्रत, आपोआप जात नाही, तोही पुसला. माझ्या सर्व्हरवरचे सगळे पासवर्ड आणि गुप्त मजकूर बदलले.

शुक्रवारी संध्याकाळी मैत्रिणीला नवी इमेज दिली. तिने सर्व्हर उभा केला, चार प्रश्नांची उत्तरं टाइप केली. टाइमझोनला थोडी थांबली, कारण ‘एशिया’ नंतर तिरपी रेघ आणि मग ‘कोलकाता’, असं लिहायचं हे तिला विचारावं लागलं. माझं ते सूचनेत घालायचं राहिलं होतं. वहीत टिपून घेतलं.

“आता एक लांबलचक पासवर्ड दाखवतोय,” ती म्हणाली. “हा तू ठेवलायस का?”

“नाही गं. तो तुझ्या सर्व्हरनेच आत्ता तयार केला. मला माहीत नाही, आणि मला वाचूनही दाखवू नकोस. उतरवून घे आणि लगेच बदल.”

ती बदलत असताना मी माझ्या लॅपटॉपवरून तिच्या सर्व्हरचा पत्ता टाकला, माझी किल्ली लावली. परवानगी नाकारली. पुन्हा लावली. परवानगी नाकारली. तिला ते सांगितलं तेव्हा ती आपल्या पहिल्या तुकडीची यादी चढवत होती, ५८ मुलं. मग तिने शीट उघडली आणि वरची ओळ मला फोनवर मोठ्याने वाचून दाखवली: मुदत रविवार, रात्री ११:५९, आयएसटी.